नाल्याकडची ओळ

संत्र्याच्या बागेला उन्हाळ्यात मुद्दाम तहानलेलं ठेवतात, हे सांगितलं की बाहेरच्या माणसाला आपण त्याची चेष्टा करतोय असं वाटतं. माझ्या शाळेतल्या तेलुगू शिक्षिकेला मी एकदा हे समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्ही लोक झाडांनाही उपास धरायला लावता की काय? तसंच आहे म्हणा. वैशाखात बागेचं पाणी तोडायचं. पानं कोमेजतात, मुरडतात, थोडी गळतातही. झाड सगळा जीव आत ओढून बसतं. याला ताण देणं म्हणतात. मग पाऊस पडला की इतके दिवस उपाशी राहिलेलं झाड एकदम फुलावर येतं. तो मृगाचा बहार. पण मध्येच कुणी घोट घोट पाणी पाजलं, तर ताण मोडतो आणि झाड फुलायचं सोडून नुसती पानं काढत बसतं.

बाबांनी उभं आयुष्य दुसऱ्याच्या बागेत काढलं. पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रातल्या एका बागाइतदाराकडे ते कामाला होते. आळी करायची, पाणी द्यायचं, पाणी तोडायचं, सगळं बाबांनी. पण पाणी कोणत्या दिवशी तोडायचं हे मालक ठरवणार, आणि बहार बघायला आलेली माणसं थाप मारणार ती मालकाच्याच पाठीवर. बाबांना त्याचं काही वाटत नसे, निदान ते तसं बोलत नसत. मला आदिलाबादला मास्तरकी लागली तेव्हा मी त्यांना विचारलं, आता तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. मला वाटलं टीव्ही मागतील, फार तर मोटरसायकल. त्यांनी जमिनीचा तुकडा मागितला. नदीच्या अलीकडे, आमच्या तामसीजवळ, नाल्याच्या काठाला. तिथं त्यांनी संत्र्याची कलमं लावली आणि मायला घेऊन त्याच शेतात झोपडीवजा घर करून राहायला गेले.

"एक डाव माह्या हातानं मृग फुलवतो. मंग मेलो तरी चालते," असं ते म्हणायचे. यावर मायचं उत्तर ठरलेलं. मेल्यावर संत्री काय मीच एकटी खाऊ?

माय जीव लावून झाडं वाढवत होती, पण हे ताणाचं खूळ तिला पहिल्यापासून पटलं नव्हतं. तहान या गोष्टीशी तिचं जुनं वैर आहे. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या माणसांचा हात चालत नसे. कोणीतरी वरून ओतेपर्यंत ही पोर भांडं घेऊन उन्हात उभी. कधी कधी दुपार टळून जायची. हे तिनं मला एका वाक्यात सांगितलं होतं आणि लगेच भाकरी उलटायला वळली होती. तेव्हापासूनची म्हणा, तिची एक सवय आहे. आमच्या घरून भिकारी, शेळी, कोंबडी, लाइटबिल घेऊन आलेला माणूस, कोणी पाणी न पिता गेलेलं नाही. "तहानलेल्याले नाई मनू नये," एवढंच तिचं तत्त्वज्ञान. शेताच्या वाटेवर लिंबाखाली तिचा माठ असतो आणि तो रिकामा दिसला की ती बाबांवर ओरडते, जसा काही त्यांनीच पिऊन टाकला.

तर अशा बाईच्या नवऱ्यानं, बाग वयात आल्यावर, बुद्धजयंती झाली आणि झाडांचं पाणी तोडलं.

माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. लेकरांचं दूध तोडल्यासारखं ते तिला वाटत होतं. बाबा हसायचे. मी रविवारी आदिलाबादहून जायची तेव्हा दोघंही आपापली कैफियत माझ्यापुढे मांडायचे, आणि मी न्यायाधीशासारखी चहा पीत ऐकायची.

त्या वर्षी मृग कोरडा गेला. ढग यायचे, महाराष्ट्राकडून यायचे, आमच्या डोक्यावरून गुमान पुढे जायचे. कापूसवाल्यांनी सरकी घरात ठेवली होती. आमच्या शेजारच्या शेतात एक भाजीवाला आहे, चांगला माणूस, फक्त तोंड बंद ठेवता येत नाही. त्याची वांगी करपली, सांबाराचे वाफे पिवळे पडले. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. त्याची विहीर आटत आली होती आणि आमच्या विहिरीत पाणी होतं. तो रोज बांधावर येऊन बाबांना सांगायचा, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागता, द्या झाडांना पाणी. खरं तर बाबांनी आपल्या विहिरीचं थोडं पाणी त्याच्या वाफ्यांनाही दिलं. पण आपल्या झाडांना नाही.

"माती भारी हाये. अजून दम हाये झाडात," एवढंच ते म्हणायचे.

मला त्यांची काळजी वाटत होती. ताण फार लांबला तर झाडं वाळतातही, हे मला माहीत होतं. मी म्हटलंही, बाबा, पुरे आता. ते मला हाताला धरून घराजवळच्या झाडांपाशी घेऊन गेले आणि पानं दाखवली. मुरडली होती, पण पार माना टाकल्या नव्हत्या. "पाय, बाई. दुसऱ्याचे झाडं असते त आतापावतर गेले असते. माहे झाडं दमाचे हायेत." हे ते तामसीच्या चहाच्या दुकानातही सांगून आले होते. रोज सकाळी घरची थोडी भाजी सायकलला बांधून ते तामसीला जायचे आणि उन्हं चढली की परत यायचे. आपल्या झाडांचं कौतुक सांगायला त्यांना ती एकच जागा होती. इतकं खूश मी त्यांना माझ्या नोकरीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

पाऊस आला तो दिवस रविवारच होता. मी तामसीच्या बसमध्ये होते. काचेवर चार थेंब पडले आणि पुढे कोणीतरी तेलुगूत हळूच म्हणालं, वान वच्चिंदी. पाऊस आला. एरवी थेंब पडला की धडाधड खिडक्या लावणारी माणसं, त्या दिवशी एकानंही खिडकी लावली नाही. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन तेवढं शर्टाच्या आत घातलं आणि भिजत उभा राहिला. माझी नवी साडी होती. भिजली. भिजू दे म्हटलं.

फाट्यावर उतरून मी चिखल तुडवत शेतात पोचले. भाजीवाला आणि त्याची बायको सांबाराच्या वाफ्यात चक्क फतकल मारून बसले होते. दोघांची डोकी गळत होती आणि दोघं हसत होते. त्यानं बांधावर नारळ फोडला होता. मला बघून तो उठला, ओलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं, बाबांना दिलं. बाबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते तोंड वर करून नुसते उभे होते. "जिंकले तुमी, जिंकले," असं म्हणत त्यानं बाबांच्या पाठीवर थाप मारली. जन्मात पहिल्यांदा ती थाप बाबांच्या पाठीवर पडली असेल.

माय कुठं आहे बघितलं, तर ती या झाडाकडून त्या झाडाकडे जात होती आणि एकेका बुंध्यावर हात ठेवून म्हणत होती, पी, माय, पोटभर पी. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस बाग अशी दिसत होती की बघणाऱ्याच्या डोळ्यांचं पारणं फिटावं. हिरवीगार. कोवळी, तुकतुकीत पानं, वाऱ्यानं हलली की ओली चमकायची. वाटेनं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. काय बाग झाली हो म्हणायची. बाबा हो म्हणायचे. पण ते दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. चहाच्या दुकानात जाणं त्यांनी बंद केलं. मला वाटलं, भिजून ताप आला असेल.

एका रविवारी ते मला म्हणाले, चल, नाल्याकडं जाऊन येऊ. बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, नाल्याला लागून झाडांची एक ओळ आहे. ती ओळ पांढरी झाली होती. पानंसुद्धा दिसू नयेत इतकी फुलं. मधमाश्यांचा असा घुमारा चालला होता की बोलणं ऐकू येईना, आणि वास तर काय सांगू. मी आयुष्यात पहिल्यांदा मृगाचा बहार पाहत होते. मग मी मागं वळून पाहिलं. बाकी सगळी बाग हिरवी. एक फूल नाही.

बाबांनी मला त्यातल्या एका हिरव्या झाडाखाली बसवलं आणि बुंध्याजवळचा पाचोळा हातानं बाजूला केला. खाली आळ्यात एक खळगा होता, वरून पाणी ओतल्यावर पडतो तसा. पुढच्या झाडाखाली तसाच. त्याच्या पुढच्याही. सगळीकडे वर नीट पाचोळा पसरलेला. ते तामसीला गेले की माय विहिरीजवळच्या टाक्यातून गुंडानं, म्हणजे पितळी घागरीनं, पाणी नेऊन एकेका झाडाला पाजत होती आणि ओल दिसू नये म्हणून वर पाचोळा ओढत होती. तिचे गुडघे गेलेले. भरलेला गुंड घेऊन नाल्यापर्यंत जाणं तिला झेपलं नसणार. जिथं तिची ताकद संपली तिथून पुढे बहार सुरू झाला होता.

म्हणून ती झाडं दमाची होती.

माझा राग मला आवरत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझ्याबद्दल घरातलं सगळ्यांचं मत आहे. मी तिथून उठले ती सरळ घराकडे निघाले. एका माणसानं जन्मभरात एकच गोष्ट मागितली आणि तीही हिला राखता आली नाही, हेच मी तिला म्हणणार होते. बाबांनी माझा दंड धरला. इतका घट्ट त्यांनी मला लहानपणीही धरलं नसेल.

"तिनं इख नाई पाजलं, पाणीच पाजलं," ते म्हणाले. "आज तू तिले बोलशील, त उद्या ती कोनालेबी पाणी देताना आधी इचार करन. ते नाई पायजे मले."

मग त्यांनी पाचोळा होता तसा परत पसरला.

त्या एका ओळीची संत्री थंडी सरता सरता उतरली. टोपलं घेऊन बाबा अंगणात आले तेव्हा भाजीवालाही बसला होता. मायनं एक फळ सोललं, खाल्लं, आणि सगळ्यांसमोर बाबांना सुनावलं. नाल्याकडच्या झाडांना खालून ओल मिळाली म्हणून ती फुलली, बाकीच्यांचा बहार तुमच्या हट्टापायी तहानेनं गेला. मी सांगत होते ना? भाजीवाल्यानंही मान हलवली. मजुरी करणं वेगळं आणि बाग करणं वेगळं, असंही तो बोलून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून धरताना बोटं किती दुखतात ते मला त्या दिवशी कळलं.

बाबा म्हणाले, "हो. माहं चुकलं."

पुढच्या वैशाखात त्यांनी पाणी तोडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हिवाळ्याच्या थंडीनं झाडावर जो थोडाफार बहार आपोआप येतो, त्यावर ते समाधान मानतात. त्यातलीही निम्मी फळं उन्हाळ्यात गळून जातात. मी एकदोनदा म्हटलं, बाबा, या वर्षी देऊन बघा ताण, मी मायला आदिलाबादला माझ्याकडे घेऊन जाते. ते म्हणाले, तिच्या माठात पाणी कोण भरेल? आता त्यांचंही वय झालंय. त्यांच्या हातानं मृग काही फुलायचा नाही, हे मला कळून चुकलंय. बागेत गेलं की मला याचीच हळहळ वाटत राहते. चांगल्या दोन माणसांच्या मध्ये एवढी एक साधी इच्छा जिरून गेली आणि दोष द्यायला कोणी सापडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माय ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. बाबा समोर पाइप धरून झाडांना पाणी देत होते. माय बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग आवाज बारीक करून म्हणाली, "तुया बाबाले नोको सांगू. त्या साली मी चोरून पाणी टाकत होती झाडाईले. गुंड गुंड. पन तेवढ्यानं काय होते? माहे पाय दुखत, मून मी कमीच टाकलं." तिनं पदरानं डोळे पुसले. "अजून एकेक गुंड टाकलं असतं, त फुलला असता त्याईचा मृग."

मी शेंगा फोडत राहिले.

"हो माय," मी म्हटलं. "थोडं कमीच पडलं."