अडीच किलोचा टायगर

खासबागेतल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाहीत, त्याची भरपाई मालक करतात. इतकी वर्षं ऐकतोय, कान अजून किटलेले नाहीत! यंदा तर एकट्या टायगरनंच धमाल उडवली.

टायगर म्हणजे यॉर्कशायर टेरियर. वजन अडीच किलो, पाठीवर निळसर करडे, तोंडावर सोनेरी लांब केस, कान ताठ, डोक्यावर लाल रिबीन. शहापूरचे विणकर आप्पा, त्यांच्या सूनबाई सविताक्कांनी हौसेनं आणलेला. पहिल्याच दिवशी बाकड्यावर बसलेल्या सदलग्याच्या एका शेतकऱ्यानं त्याला निरखून विचारलं, "आक्का, ह्ये मोठं कधी हुणार?"

"झालंय की!"

"अय्यो! आमच्या म्हशीचा कान बी ह्येच्यापरास मोठा हाय!"

*

आप्पांना मात्र टायगर डोळ्यांसमोर नको. मागावरच्या साड्या उंदीर कुरतडतात, आणि घरात आला हा नटवा! "कामाचं नसलं तर सोमवारी परत," त्यांनी फर्मान काढलं. सविताक्का माझ्यासमोर रडल्या. मी तिथूनच आप्पांना फोन लावला. म्हटलं, "अहो, ही जात विणकरांनीच घडवलीय! स्कॉटलंडचे विणकर कामासाठी इंग्लंडात यॉर्कशायरला गेले, तेव्हा आपले छोटे टेरियर सोबत नेले. गिरणीतले उंदीर हीच कुत्री मारायची!"

पलीकडून आवाज आला, "म्हंजे आपल्यातलंच की वो!"

*

तरी आप्पा ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हेत. रेशीम खरं की खोटं हे बघायला विणकर धागा जाळतात. जळक्या केसांचा वास आला की माल अस्सल. आप्पांनी फणीत अडकलेला टायगरचा केस पेटत्या काडीवर धरला, वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं, "प्युअर सिल्क हाय!"

सविताक्का हे सांगत होत्या आणि मला हसू आवरेना.

*

उंदराची परीक्षा मात्र राहिलीच होती. रविवारी आप्पा टायगरला घेऊन मागाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सोमवारी सकाळी ते सूनबाईंना न आणताच दवाखान्यात हजर, काखेत टायगर! हे कुत्रं जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

"उंदीर धरला का, आप्पा?"

"कुठला वो! उंदीर दिसला तसं ह्येनं टुणकन उडी मारली, थेट बाकड्यावर!"

"मग? परत देताय?"

आप्पांनी दाराकडं बघितलं, टायगरची रिबीन नीट केली आणि आवाज अगदी खाली आणला.

"कसं देऊ वो? ह्येच्याआधी बाकड्यावर मीच चढलतो!"