भेंडीचा रंग पाहायला गेलो त्याची गोष्ट

आमचे हे नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्तीनंतर आम्ही लातूरला मुलाकडे राहायला आलो आणि दोनच महिन्यांत ह्यांचे हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला : भाजीला रंग लावतात, मेण चोपडतात, घरच्या घरी ओळखा. झालं! माझ्या ओट्यावर प्रयोगशाळा उघडली.

पद्धत सोपी. कापसाचा बोळा तेलात बुडवायचा, भाजीवर घासायचा. बोळ्याला रंग लागला की भाजीत खोट. ह्यांनी भेंडी घासली, कारली घासली. काकडीवर मेण आहे का म्हणून जुन्या ब्लेडनं ती खरवडली. मिरच्या तर एकेक करून घासल्या आणि त्याच हातानं डोळा चोळला. तो अख्खा दिवस डोळ्यावर ओला रुमाल ठेवून गेला.

तीन आठवडे काहीच सापडलं नाही. भाजी रोज चांगली निघत होती आणि ह्यांचं तोंड रोज उतरत होतं.

एके दिवशी आरोळी आली, "सापडली!" मी कणकेच्या हातानं धावले. बोळा लालभडक झालेला.

"अहो, ते बीट आहे."

ह्यांनी बोळा उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, "तरी पण एवढा रंग?"

शेवटी त्यांनी ठरवलं की घरी आणून तपासण्यात अर्थ नाही, विकणाऱ्यासमोरच तपासायचं. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर चाकूरकडची एक मावशी स्वतःच्या शेतातली भाजी घेऊन बसते. मी परोपरीनं सांगितलं, तिच्याकडे नको. पण हे कापूस आणि खोबरेलची बाटली खिशात घालून निघाले. मीही मागोमाग गेले.

"काय करायलाव, सर?" मावशीनं विचारलं.

"रंग बघतोय. भेंडी फारच हिरवी दिसते."

"भेंडी हिरवी न्हाई तर काय निळी असती का?"

चार बायका थांबल्या. मी मेथीच्या जुड्यांत तोंड खुपसलं. ह्यांनी एक भेंडी घासली, बोळा पांढराच. दुसरी घासली, तिसरी घासली. पांढराच.

मावशी सगळं बघत होती. ती म्हणाली, "सर, एकदा तुमच्या मिशीला लावून दावा की."

त्या दिवशी दुपारी पुतण्याचा साखरपुडा होता, म्हणून ह्यांनी सकाळीच मिशीला कलप लावला होता. दुसरा माणूस रागावून निघून गेला असता. पण ह्यांनी उभ्या जन्मात तपासणीला नाही म्हटलेलं नाही. नवा बोळा घेतला, तेलात बुडवला आणि खरंच मिशीवर फिरवला. बोळा काळाकुट्ट!

"बघा ताई," मावशी मला म्हणाली, "भेंडीला रंग न्हाई. गिऱ्हाइकाला हाय!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले, त्याचा राग ह्यांनी दोन दिवस धरला. साखरपुड्याच्या फोटोत मिशी एका बाजूनं काळी आणि एका बाजूनं पांढरी आली आहे.

पुढच्या आठवड्यात सूनबाईनं एका हातगाडीवरून सोललेले वाटाणे आणले. हिरवेगार, चकचकीत. ह्यांनी मूठभर वाटाणे पाण्याच्या ग्लासात टाकले आणि शेजारी खुर्ची घेऊन बसले. अर्ध्या तासात पाणी पोपटी झालं. हे ओरडले नाहीत. मला बोलावून नुसता ग्लास दाखवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

तो ग्लास दोन्ही हातांत धरून हे मावशीकडे गेले. तिनं पाणी उन्हात धरून पाहिलं. "अगं बाई! म्हणून माझ्या वाटाण्याच्या शेंगा पडून राहायल्यात व्हय!" मग तिनं एक रिकामं क्रेट पालथं घातलं. "बसा सर. सगळ्यांना दावा."

तेव्हापासून हे रोज सकाळी दोन ग्लास मांडून तिथं बसतात. एकात तिचे वाटाणे, एकात ते रंगवलेले. हातगाडीवाल्यानं आता दुसरी गल्ली धरली आहे. परवा मी तिथून जात होते, तर एका बाईनं ह्यांनाच विचारलं, "काका, मेथी कशी दिली?" मावशी दुसरीकडे वजन करत होती. ह्यांनी भाव सांगितला, जुडी दिली आणि वर कोथिंबिरीची एक जुडी फुकट टाकली.

"ओ सर," मावशी तिथूनच ओरडली, "रंग दावायला बसवलंय तुम्हाला, माल वाटायला न्हाई!"