शालिग्रामभाऊंचं आवतन

लाइव्ह कार्यक्रमात शालिग्रामभाऊंच्या हाती माइक द्यायचा नाही, हा ठराव आमच्या मंडळानं एकमतानं मंजूर केला. ठरावाच्या वेळी भाऊ तिथंच होते आणि त्यांनीही हात वर केला होता. "मले कायले पाह्यजे माइक? माह्या आवाजाले माइकची गरज नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या पानात न विचारता आणखी भरीत वाढलं.

बैठक धामणगाव बढे इथं, त्यांच्याच वावरात भरली होती. आमची एकही बैठक भरिताशिवाय होत नाही. म्हणूनच त्या इतक्या होतात, असा माझा जुना आरोप आहे. मी मलकापूरला विमा कचेरीत कारकून आहे. दिवसभर माणसांना एकच गोष्ट समजावून माझं डोकं उठलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी कोणी "आपण पुन्हा एकदा पहिल्यापासून ठरवू" म्हटलं की मला शिव्या आठवतात.

आमचं आकाश मंडळ म्हणजे चार टाळकी. मोताळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या भार्गवी मॅडम, मी, शालिग्रामभाऊ आणि त्यांची मुलगी प्रतीक्षा. खरं मंडळ म्हणजे प्रतीक्षाच. शेगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या या पोरीनं थर्माकोलच्या पेटीत कॅमेरा आणि ठावठिकाणा कळवणारं यंत्र बसवलं होतं. हवामानखातं सोडतं तसा मोठा फुगा लावून ती पेटी विमानांच्याही कितीतरी वर सोडायची. तिथं आभाळ भरदिवसा काळं दिसतं. मग फुगा फुटतो, लाल पॅराशूट उघडतं आणि पेटी वारा नेईल तिथं उतरते. परवानग्या मी आणल्या होत्या. त्या कशा आणल्या ते विचारू नका, रक्तदाब वाढतो.

आणि भाऊ? भाऊ मंडळात शिरले ते वावराचे मालक म्हणून. फुगा सोडायला मोकळी जागा लागते, ती त्यांच्याकडे वांग्याच्या पलीकडे होती. विज्ञान त्यांना कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना ते वेगळंच कळतं. पेटी चंद्राच्या अलीकडून वळून येते, असं ते भाजीबाजारात सांगत. प्रतीक्षानं एकदा कागदावर चित्र काढून समजावलं, तर म्हणाले, "म्हंजे अलीकडूनच ना? मंग मी काय येगळं सांगतलं?"

माणूस उंच, आवाज त्याहून उंच, आणि मानपानाला अतिशय हळवा. गावात लग्न निघालं की आवतन द्यायला भाऊच निघत. कोणी सांगितलं म्हणून नाही, हौस म्हणून. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. दारात उभं राहून घरच्या कर्त्याचं नाव घ्यायचं, कोणाचं लग्न ते सांगायचं, आणि शेवटी "चूलबंद आवतन हाय" म्हणायचं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आता पत्रिका मोबाइलवर येतात. लोक तिथल्या तिथं हात जोडलेलं चित्र पाठवतात आणि जेवायला येत नाहीत. यावर भाऊंचं एक भाषण आहे, ते मी सतरा वेळा ऐकलंय.

लाइव्ह कार्यक्रमाची गरज पडली ती आमची पहिली पेटी फुटली म्हणून. आदल्या हिवाळ्यात ती सुखरूप वर गेली, सुखरूप उतरली, पण सातपुड्याच्या अंगाला ज्या गावात उतरली तिथं ड्रोनमधून चोर येतात अशी आवई उठलेली होती. गावाचं नाव मी घेत नाही, घाबरलेलं माणूस कुठंही तसंच वागतं. आम्ही पोचलो तेव्हा लोक जमले होते आणि पेटीचे कुऱ्हाडीनं तुकडे झाले होते. कॅमेरा विहिरीत. घरी आल्यावर प्रतीक्षा म्हणाली, "बाबा, अजून एक बनवतो. तेही फुटली तं मी हात धुतले. पुण्याले जातो, नोकरी पाह्यतो."

भाऊंना पोरीनं पुण्याला जाण्याचं दुःख नव्हतं. ती हरून जाईल याचं होतं. मला ते एकदा बांधावर म्हणाले, "अविनाश, पोट्टी लहानपनापासून वरतं पाहून चालते. आता खाली पाहून चालून राह्यली. मले नाही पाहावत बे."

पेटी जमिनीजवळ आली की यंत्राचा सिग्नल तुटतो. शेवटी भिस्त माणसांवरच. म्हणून वाऱ्याच्या वाटेवरच्या गावांना आधीच सांगून ठेवायचं ठरलं. सांगायचं कुठं, यावर तीन भरितं झाली. भार्गवी मॅडम म्हणाल्या वर्तमानपत्र. मी म्हणालो, आमच्याकडे संध्याकाळी सगळा जिल्हा एकच गोष्ट पाहतो, बाजारभाव. मलकापूरचा सागर नावाचा पोरगा बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीतून रोज मोबाइलवर लाइव्ह भाव सांगतो. कापूस, तूर, हरभरा. चांगला पोरगा. भावांच्या आधी दहा मिनिटं देतो म्हणाला.

मग तालीम सुरू झाली. भार्गवी मॅडम बोलणार, मी फळ्यावर नकाशा दाखवणार, प्रतीक्षा प्रश्नांची उत्तरं देणार, आणि शालिग्रामभाऊ पेटी मांडीवर घेऊन गप्प बसणार. मी त्यांना बसायचं कसं हेसुद्धा दाखवलं. ते म्हणाले, "नवरदेवाच्या करवलीसारखं, नाही का?"

कार्यक्रमाच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा पायजमा आणि कोरी टोपी घालून आले. खोलीत खताचा वास, समोर मोबाइल, त्याला एक गोल दिवा. मॅडमनी सुरुवात झकास केली. पेटी पांढरी, तिच्यावर नारिंगी पट्टा, वर लाल पॅराशूट, आत धोक्याचं काही नाही, सगळं स्वच्छ सांगितलं. पण मोबाइलच्या पडद्यावर लोकांचे शेरे सरसर वर चढत होते. "भाव सांगा." "हरभरा काय चालू आहे?" "सागरभाऊ, शाळा बंद करा." मी नकाशा दाखवला तेव्हा तर एकानं "या काकाले बसवा" असं लिहिलं. काका म्हणून घेण्याचं माझं वय नाही.

हेही चाललं असतं. पण मग एकानं लिहिलं, "हेच ते ड्रोनवाले." त्याच्याखाली दुसऱ्यानं, "आमच्या शिवारात पडू द्या, कुऱ्हाड तयार आहे." त्याला भराभर हसऱ्या चेहऱ्यांची दाद मिळाली. प्रतीक्षानं ते वाचलं. तिनं उत्तराचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बाहेरचं काही फुटायच्या आधी पोरगी आतून फुटत होती.

सागर आवरतं घेणार इतक्यात भाऊ उठले. पेटी तशीच हातात. ठराव गेला खड्ड्यात. माइक त्यांनी खरंच घेतला नाही.

"राम राम मंडळी. मी धामनगाव बढ्याचा शालिग्राम. वडनेरची मंडळी, जळगावची मंडळी, संग्रामपूरची, सोनाळ्याची, आन मधात जे जे गाव येते तेथली लहानथोर मंडळी, तुमाले साऱ्याले आवतन देऊन राह्यलो. येत्या रविवारी सकायी माह्या वावरातून माह्या लेकीची पेटी निघून राह्यली. हे माही लेक, प्रतीक्षा. हिनं रातचा दिवस करून बनवली. पेटीत ना बाम हाय ना चोर. ते वरतं जाते, आभाय पाह्यते, आन खाली येते. कोनाच्या वावरात उतरन ते मले मालूम नाही, वाऱ्याच्या मनावर हाय. पन जेच्या वावरात उतरली, तेच्या घरची ते पाव्हनी. माही लेकच आली समजा. लेकीवर कोनी कुऱ्हाड उचलते का? तिले सावलीत ठेवजा. मी सोता मुराळी येतो तिले न्याले."

एवढं बोलून त्यांनी पेटी पुढं धरून नमस्कार केला आणि बसले. मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला जाणारा माणूस. सागरनं घसा साफ केला, दोनदा "तर" म्हटलं आणि कापसाचा भाव सांगायला लागला.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की फोन नंबर कोणीच सांगितला नाही. तो शेवटी सांगायचा होता आणि शेवट भाऊंनी खाल्ला. मी रस्त्यातच त्यांच्यावर तोंड टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "आवतनात नंबर रायते का बे? गाव सांगतलं, नाव सांगतलं. आखीन काय पाह्यजे?" भार्गवी मॅडम हसल्या. मला हसू येत नव्हतं. अशा माणसाला मंडळात घेणं म्हणजे विकतचं दुखणं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्यांनी मला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला.

रविवारी फुगा सुटला. वारा बेताचा होता, आभाळ निवळ होतं. प्रतीक्षानं दोरी सोडली आणि वर न पाहता लॅपटॉप घेऊन जीपमध्ये जाऊन बसली. आम्ही नांदुऱ्यावरून पुढं लॅपटॉपवरच्या पेटीच्या ठिपक्यामागं निघालो. ठिपका चढला, थांबला, मग भराभर उतरू लागला, आणि सोनाळ्याच्या अलीकडे पडद्यावरून गेला. तिनं लॅपटॉप मिटला. "एवढंच," ती म्हणाली. भाऊ पुढच्या सीटवर होते. एरवी मैलामैलाला काहीतरी दाखवणारा हा माणूस समोरच्या काचेतून नुसता रस्ता पाहत होता.

एका फाट्यावर चहाची टपरी होती. मी उतरून विचारायला तोंड उघडलं, तर टपरीवाला जीपकडं पाहून म्हणाला, "ते मुराळी हेच का? आमच्या शिवारात नाही उतरली भाऊ. आमी सकायपासून वरतंच पाहून राह्यलो, मान आखडली." पुढच्या गावात गव्हाला पाणी देणारा माणूस फावडं टाकून बांधावर आला. त्यानं पॅराशूट पाहिलं होतं. लाल होतं, मॅडमनी सांगितलं तसंच, आणि डोंगराच्या अंगाला गेलं. आम्ही नंबर दिला नव्हता, पण दर गावात कोणीतरी आमची वाट पाहत उभं होतं.

सोनाळ्याच्या वेशीवर एका मोटारसायकलवाल्यानं हात केला. "चाला, जनकाबाईच्या घरी हाय." फुटली का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

गावाबाहेरच्या वावरातलं घर. अंगणात माणसांची गर्दी. गर्दी तर मागच्या वेळीही होती. प्रतीक्षा जीपमधून उतरेना. मी तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं, भिंतीला एक कुऱ्हाड टेकवलेली होती आणि तिच्या पात्याला ओली साल चिकटली होती.

"बाभयीवर आटकली होती व माय," गर्दीतून एक ठसठशीत बाई पुढं आली. तीच जनकाबाई. "पोरायनं फांदी तोडली, पन दोरीले हात नाही लावू देला मी. ये ना, पाहून घे तुही पेटी."

कडुनिंबाखाली बाज टाकली होती. बाजेवर धुतलेली चादर, चादरीवर पेटी. नारिंगी पट्ट्यावर कोणीतरी कुंकवाचं बोट लावलं होतं आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला होता. पेटीला ओरखडासुद्धा नव्हता. प्रतीक्षानं तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि ती रडायला लागली. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

पेटी मात्र लगेच मिळाली नाही. "पह्यले जेवा. मुराळ्याले उपाशी नाही धाडत आमी," जनकाबाई म्हणाली. वरण-भात, पोळ्या, मिरच्यांचा ठेचा. पंगतीत भाऊंनी चंद्राची गोष्ट सुरू केली. भार्गवी मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी भात कालवत राहिलो. सुधारायला तोंड रिकामं असावं लागतं.

जेवणं झाल्यावर प्रतीक्षानं कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावलं. सगळं अंगण तिच्या खांद्यावर वाकलं. खाली सातपुड्याच्या घड्या, पूर्णेची बारीक रेघ, कडेला निळी कमान, आणि तिच्यावर काळंभोर आभाळ. मग जनकाबाईनं पडद्याजवळ बोट नेलं. "याच्यात आमचं घर कोठी हाय व?"

प्रतीक्षानं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. डोंगराच्या पायथ्याशी नुसता तपकिरी धुरळा दिसत होता.

"एवढ्या वरून नाही दिसत मावशी," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले मोठा कॅमेरा लावतो, मंग दिसन."

भाऊ हात धुवायला उठले होते. ते तांब्या हातात घेऊन तसेच थांबले, आणि माझ्याजवळ येऊन आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"ऐकलं का बे, अविनाश? पुढच्या खेपेले म्हनते."