एका मिनिटाच्या आतले

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या रेडिओवर सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या आकड्यात चूक आहे असं कोणी म्हटलं, की त्याची काही खैर नसते. शेलूबाजारजवळ एका संस्थेचं आमचं छोटं रेडिओ केंद्र आहे. टॉवर लहान, त्यामुळे साध्या रेडिओवर आम्ही आसपासच्या गावांपुरतेच ऐकू येतो. मोबाइलच्या ॲपवर मात्र कुठेही ऐकू येतो. ॲपवर कोण केव्हा आला आणि किती वेळ थांबला, हे मोजायचं काम माझं.

संगणक रोज एक लांबलचक यादी देतो. एक फोन जोडला गेला की एक ओळ, त्यात आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ. माणसाचं नाव नसतं. ठिकाणाच्या रकान्यात निम्म्या वेळा मुंबईच येतं, मग तो माणूस रिसोडच्या शेतात का बसलेला असेना. म्हणून तो रकाना मी कधी पाहतच नव्हते.

मोजणीचा एक नियम मला प्रशिक्षणात शिकवला होता. ज्याने एक मिनिटही ऐकलं नाही, त्याला श्रोता धरायचं नाही. खिशात बोट लागून ॲप उघडतं, कोणी चुकून येतो आणि निघून जातो, असल्या ओळी गाळून टाकायच्या. मला हा नियम फार आवडला होता. गहू चाळून घेतल्यासारखी यादी स्वच्छ व्हायची, आणि उरलेल्या आकड्यावर मी छातीठोकपणे सही करायचे.

आमच्याकडे दुपारी दीड ते दोन गावच्या खबरांचा कार्यक्रम होता. तो करायच्या जऊळक्याकडच्या एक मावशी. शेती करणारं घर, शिक्षण सातवी, पण आवाज खणखणीत आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी. तीस गावं त्यांनी ठरवून घेतली होती. रोज त्याच क्रमाने एकेका गावाची खबर वाचायच्या. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणत्या गावचं विजेचं रोहित्र जळालं, कोणाची म्हातारी आता उठून बसली. लोक फोनवर कळवायचे, कोणी बाजाराच्या दिवशी चिठ्ठी आणून द्यायचं. मी कारंज्याची, बाजारपेठेतली. असल्या म्हशी-वासरांच्या खबरा कोण ऐकतं, असं मला वाटायचं. शिवाय दीड ते दोन माझी जेवणाची वेळ, आणि जेवताना मला कोणाचा आवाज खपत नाही. खोलीतला स्पीकर मी बंद करून ठेवायचे.

मागच्या वर्षी संस्थेने ठरवलं, की ज्या कार्यक्रमांना ॲपवर श्रोते नाहीत ते बंद करायचे. अहवाल माझ्याकडे मागितला. मी नियम लावला, यादी चाळली आणि तक्ते काढले. सकाळच्या भजनांना श्रोते होते, बाजारभावाला होते, गाण्यांना तर भरपूर होते. गावच्या खबरांसमोर जवळजवळ काहीच उरलं नाही.

बैठकीत मी तो तक्ता भिंतीवर दाखवला. मावशी मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ भिंतीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "म्हंजे कोनीच ऐकत नाई?"

"आकडे तर तसंच सांगतात, मावशी," मी म्हटलं.

मावशींनी खबरांची वही पिशवीत घातली आणि जीप पकडून गावी गेल्या. त्या अर्ध्या तासात आम्ही गाणी लावायला लागलो.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्रात काहीतरी बिघाड आहे का हे पाहायला मी न चाळलेली यादी उघडली, आणि दुपारच्या ओळींवर माझी नजर अडकली. एक वाजून सेहेचाळीस मिनिटांनी पाच-सहा फोन आले, दहा-पंधरा सेकंदांत गेले. बावन्नला आणखी काही आले आणि गेले. आदल्या दिवशीची यादी काढली, तीच मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशीची काढली, तरी तीच. चुकून बोट लागतं ते रोज ठरल्या मिनिटाला लागत नाही. मग मी जुनी यादी काढली, मावशींचा कार्यक्रम चालू असतानाची. तिथे दर मिनिटाला माणसांचा एक घोळका येत होता, चाळीस-पन्नास सेकंद थांबत होता आणि निघून जात होता. दीड ते दोन, मिनिटामागून मिनिट, सगळा अर्धा तास भरलेला होता. आणि मी एकूण एक ओळ गाळली होती.

मला काही उमजेना. दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या गावी गेले. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी कागद पुढे धरले आणि हे लोक एवढ्यात परत का जातात, असं विचारलं.

"मीच सांगतलं होतं त्याईले," मावशी म्हणाल्या. "कोनी पुन्याले बिल्डिंगवर हाये, कोनी ऊस तोडून राह्यला, कोनी ईटभट्टीवर हाये. जेवाची सुट्टी अर्धा घंटा. नेट पुरत नाई त्याईले, घरी लेकराशी बोलाले ठेवा लागते. म्हनून म्या घड्याय समोर ठेवून वाचो. ज्याच्या त्याच्या गावाचं मिनिट ठरेल होतं. आपलं गाव ऐका न् बंद करा, म्हने मी."

म्हणजे गाणी लागायला लागली तरी काही जण अजून आपापल्या मिनिटाला येऊन पाहत होते. "मग त्या दिवशी बैठकीत हे का नाही सांगितलं?"

"मले काय मालूम बाई, तुमी कसं मोजता ते. तुमी म्हनलं कोनी ऐकत नाई, मले वाटलं नसतीनच ऐकत आता." त्यांनी सोललेले दाणे सुपात टाकले. "पन मी तं हे रोजच सांगो, कार्यक्रम सुरू होताना. तुमी कधी ऐकला नाई काय?"

वर्षभर मी तो कार्यक्रम मोजला होता आणि एक दिवसही ऐकला नव्हता. शरमेने मेल्यासारखं झालं.

केंद्रावर परत येऊन मी जुनी रेकॉर्डिंग काढली आणि पहिल्यांदा मावशींचा कार्यक्रम लावला. सुरुवातीलाच त्या म्हणत होत्या, "आपलं गाव आलं का ऐका, मंग बंद करा, नेट वाया घालू नोका. एवढुसं ऐकलं तं काय होते, असं समजू नोका. आमच्या इथं एक ताई हाये, थे साऱ्याईले मोजते. तिच्या मोजातून एकबी मानूस सुटत नाई." पुढच्या रेकॉर्डिंगमध्येही तेच होतं, त्याच्या पुढच्यातही. रोज त्या माझी ओळख करून देत होत्या.

मी रडले. मग तोंड धुतलं, संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला आणि सांगितलं, की अहवाल चुकला आहे आणि तो मीच चुकवला आहे. गाण्यांना आता जाहिराती मिळाल्या होत्या, त्यामुळे पूर्ण अर्धा तास परत मिळाला नाही. पंधरा मिनिटं मिळाली. एवढ्यात तीस गावं बसणार नाहीत, तेव्हा कोणती गाळायची ते आकडे पाहून ठरवा, असं मलाच सांगण्यात आलं. मी आकडे काढले नाहीत. मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "एकबी गाळत नाई. भरभर वाचतो."

आता एका गावाला अर्धं मिनिट मिळतं. रोज दीड वाजता मी डबा बाजूला ठेवते, मोबाइलवर ॲप उघडते आणि पहिल्या गावापासून तिसाव्या गावापर्यंत ऐकते. न चाळलेल्या यादीत त्या पंधरा मिनिटांत ओळींची नुसती रीघ लागलेली असते. माझा जुना नियम लावून पाहिला, तर त्यातली एकच ओळ उरते. ती माझ्या फोनची असते.