कॅनडातली मैत्रीण

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत मी क्वालिटीचे कागद बघते. दिवसभर इंग्रजीतच लिहायचं असतं, त्यामुळे माझं इंग्रजी कच्चं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण परदेशी ऑडिटर समोर बसले की वाक्यातून 'द' गळायचा, 'सिन्स' आणि 'फॉर'ची अदलाबदल व्हायची. नेमका शब्द आठवेपर्यंत शेजारचे साहेब माझं वाक्य पूर्ण करून मोकळे. चाळिशीत क्लासच्या बाकावर बसायची लाज वाटली, म्हणून मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायचं आणि एकमेकांच्या चुका काढायच्या.

तिथे मला ती भेटली. आईवडील भारतातले, पण जन्म कॅनडातला, असं तिने सांगितलं. उच्चार अगदी स्वच्छ. संध्याकाळी बदलापूरला घरी पोचले, चहा झाला, की मी गॅलरीत जाऊन अ‍ॅपवरूनच तिला फोन लावायचे. तिच्याकडे तेव्हा म्हणे सकाळ असायची. शिकवायची मात्र मनापासून. 'रिप्लाय बॅक' म्हणायचं नाही, 'बॅक' त्यातच आलं. 'व्हेरी टायर्ड' किती वेळा म्हणाल, 'एग्झॉस्टेड' म्हणून बघा.

नवऱ्याला हे पटेना.

"फुकटात कोण शिकवतं आजकाल? एक दिवस ओटीपी मागेल, बघ."

"मागितला तर फोन ठेवीन. एवढी बावळट नाही मी."

पण शंकेचा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. मी आता तिच्याकडून शिकण्यापेक्षा तिलाच तपासायला लागले. एकदा ती म्हणाली, "लेट्स डिस्कस अबाउट युवर जॉब." 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' लागत नाही, हे मी नुकतंच वाचलं होतं. मग कुणाच्या तरी लग्नाचं सांगताना आपल्याकडचा 'कझिन ब्रदर' आला. कॅनडात वाढलेली मुलगी असं बोलेल? आईवडिलांचं ऐकून बोलतही असेल, अशी मी माझीच समजूत घातली. पण मग तिने माझ्या कंपनीचं नाव विचारलं. हिला कशाला हवंय नाव? मी काहीतरी बोलून विषय बदलला.

पुढच्याच आठवड्यात, ती मला 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांतला फरक सांगत असताना, तिच्या मागून एका बाईची खणखणीत हाक आली, "अगं ए, पाणी आलं! बादल्या लाव!"

"वन मिनिट," म्हणत तिने फोन कापला.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ब्लॉक करून टाक तिला." मला राहवेना. दुसऱ्या दिवशी तिने फोन उचलल्याबरोबर मी सरळ मराठीत विचारलं, "पाणी किती वेळ असतं गं तुमच्याकडे?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात उत्तर आलं, "अर्धा तास. कधी कधी तेवढंही नाही."

ती अंबरनाथमध्येच, बुवापाड्याला राहत होती. माझ्या कंपनीपासून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ. नर्स होती आणि परदेशात नोकरी मिळावी म्हणून इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होती.

"मग कॅनडा कशाला?"

"ताई, आधी खरंच सांगायचे मी, अंबरनाथ म्हणून. लोक दोन वाक्यं बोलून कट करायचे. तुम्ही तरी बोलला असता का?"

मला 'हो' म्हणवलं नाही. पण विश्वासही बसला नाही. कॅनडा खोटं, तर नर्स कशावरून खरं? मी म्हटलं, "भेट मला. समोरासमोर."

रविवारी अंबरनाथ स्टेशनबाहेर भेटायचं ठरलं. नवरा सोबत आला आणि नारळपाणीवाल्याजवळ, मला दिसेल असा उभा राहिला. ती ड्युटी संपवून आली होती, डोळे झोपेने जड. माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मी न विचारताच तिने पर्समधून हॉस्पिटलचं ओळखपत्र काढून पुढे केलं.

"बघा, म्हणजे काकांना पण बसता येईल कुठेतरी," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. त्याला तिने आल्या आल्याच हेरलं होतं. मी ओशाळले, पण कार्ड उलटसुलट करून बघितलंच.

मग आम्ही तिघं चहाला गेलो. इंग्रजीत बोलायचा प्रयत्न करून बघितला, पण एकमेकींचे चेहरे दिसत असताना ते जमेना, दोघींना हसू फुटायचं. फोनवर मात्र आमचं चालू राहिलं. ती माझं बोलणं सुधारते, मी तिचं लिखाण. पहिल्या परीक्षेत तिचे लिखाणातच मार्क कमी पडले. तिचे निबंध आता माझ्याकडे येतात आणि 'डिस्कस अबाउट'वर मी लाल रेघ मारते.

नवरा अजून म्हणतो, "कार्डं काय, हवी तशी छापून मिळतात उल्हासनगरला." मी हसते. पण तिने अजून एकदा कंपनीचं नाव विचारलं तेव्हा मी क्षणभर थांबले, आणि मगच सांगितलं.