डेकवर बसून सांगितलेलं

परदेशात, न्यू लिन नावाच्या उपनगरातलं आमचं घर भाड्याचं होतं. लाकडी, जुनं, हिवाळ्यात आतून घाम फुटणारं. त्या घराची आठवण झाली की मला सगळ्यात आधी सक्शनच्या मशीनची घरघर ऐकू येते. आठवण यावी तर कशाची! पण येते, आणि खरं सांगते, गोड वाटते.

माझी लेक फार लवकर जन्मली. बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर राहिली आणि त्यात तिची श्वासनलिका अरुंद झाली. मग डॉक्टरांनी गळ्याला छिद्र करून एक छोटी नळी बसवली. त्या नळीत कफ अडकायचा. अडकला की मशीन लावून लगेच ओढून काढायचा. हे काम शिकलेलं माणूस तिच्याजवळ कायम लागायचं. कायम म्हणजे कायम. मी दाराबाहेर कपडे वाळत घालायला गेले तरी कान घरात ठेवून जायचे.

नवरा आयटीतला, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, सकाळी पूल ओलांडून जायचा तो अंधार पडल्यावर परत. दिवसाचे काही तास नर्स घरी यायची आणि तिचे पैसे सरकार द्यायचं. पुण्याहून मामाचा फोन आला की तो दर वेळी विचारायचा, "घरी येते? आणि तुम्हाला काही द्यावं लागत नाही?" नाही म्हटलं की म्हणायचा, "हॅ, काहीतरीच. नीट चौकशी कर, मागाहून बिल येईल." शेवटपर्यंत त्याचा विश्वास बसला नाही.

नर्स चांगली उंचनिंच, भर थंडीतही पायांत जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. पहिल्याच दिवशी तिने न सांगता त्या दाराबाहेर काढल्या आणि माझ्या आईने तिला तिथेच पास केलं. आई माझ्या मदतीला आली होती. तिला इंग्रजी येईना, नर्सला मराठी येईना, पण दोघी घेवडा निवडत तासन् तास बसायच्या. मधूनच दोघींना हसू फुटायचं. कशावर हसता म्हणून विचारलं तर दोघींनाही सांगता यायचं नाही. थालीपीठ कसं झालंय विचारलं की नर्स म्हणायची "स्वीट अ‍ॅज", म्हणजे तिच्या भाषेत झकास. कफ निघाला, "स्वीट अ‍ॅज". पाऊस थांबला, तरी तेच.

लेक चार वर्षांची व्हायला आली. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गेलो की पुढच्या किंडीच्या, म्हणजे बालवाडीच्या, जाळीत बोटं अडकवून ती उभी राहायची. आतली पोरं वाळूत लोळत असायची. नळीमुळे हिचा आवाज फुटत नसे, म्हणून ही टाळ्या वाजवून त्यांना बोलवायची. तिथल्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, आनंदाने घेऊ, पण नर्स बरोबर हवी. म्हणजे नर्सचे तास वाढवून हवेत. त्यासाठी सरकारकडून असेसमेंट करणारी, म्हणजे किती तास लागतात ते ठरवणारी बाई घरी येऊन बघणार होती.

बाई घरी येणार म्हटल्यावर काय विचारता! आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. फरशी पुसली, पोरीला परकर-पोलकं घातलं, काजळ घातलं, पोहे केले. सक्शनच्या मशीनवर स्वतःच्या हाताने विणलेला रुमाल पांघरला. आणि आमची लेकही अशी गुणाची, की बाई बसली होती तेवढा वेळ एकदासुद्धा घरघरली नाही.

"काय त्रास होतो हिला?" बाईने विचारलं. मी तोंड उघडलं तर आईने माझा दंड दाबला.

"वाईट बोलू नकोस घरात. वास्तू तथास्तु म्हणत असते," ती पुटपुटली. आणि बाईकडे वळून, येत होतं तेवढं सगळं इंग्रजी एकदम खर्चून टाकलं. "नो प्रॉब्लेम. व्हेरी गुड गर्ल. ईट, ईट."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या रक्तातच. पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही. मीही मग म्हणाले, तसं बरं चाललंय हो. बाईने पोहे दोनदा घेतले.

पुढच्या आठवड्यात त्या बाईच्या ऑफिसमधून फोन आला. तुमचं घर छान सांभाळतं हिला, असं म्हणून त्यांनी तास वाढवले तर नाहीतच, उलट होते त्यातले कमी केले. माझं डोकं फिरलं. फोन आपटला आणि आईवर घसरले. "घे! घाल अजून काजळ! म्हण व्हेरी गुड!" आई ओट्याकडे तोंड करून कणीक मळत राहिली.

नर्सला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "अगं, तिला चांगला दिवस नाही दाखवायचा. पुन्हा बोलव, आणि तुमचा वाईटातला वाईट दिवस सांग."

सांगणं सोपं आहे. नवरा म्हणाला, "सांगून टाक ना, त्यात काय?" त्यात काय! शिकलेली असले, हसत असले आईच्या वास्तूला, तरी पोरगी दोन हातांवर खेळत असताना त्या छपराखाली 'हिचा श्वास बंद पडतो' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, असलं ऐकत वाढलेली मी.

बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला दारातच म्हणाले, "आपण बाहेर बसू या का?" भुरभुर पाऊस होता. ती बिचारी काही न विचारता कोटाची टोपी ओढून दारापुढच्या लाकडी डेकवरच्या ओल्या बाकावर बसली. आत लेकीजवळ नर्स होती. मी दार ओढून घेतलं आणि बोलायला लागले.

सगळं सांगितलं. नळी बंद झाली की ओठ कसे निळे होतात ते. एकदा भर बाजारात, गाडीच्या मागच्या सीटवर, तिला आडवी करून मी कसा कफ ओढला होता ते. अंघोळीला जाते तेव्हा दार उघडं ठेवते ते. मला भीती वाटते, मी म्हणाले, की मी कपडे वाळत घालत असेन आणि ती टाळ्या वाजवेल आणि मला ऐकू येणार नाही. इथवर आले आणि मला रडू फुटलं. बाईचा हात माझ्या पाठीवर होता.

दार उघडलं. आई छत्री घेऊन आली होती. मला वाटलं, आता बोलणी खाणार. तिने छत्री आमच्या दोघींच्या डोक्यावर धरली, स्वतः भिजत उभी राहिली आणि म्हणाली, "तिला माझंही सांग. मी सकाळ-संध्याकाळ पोरीजवळ माळ घेऊन बसते ना? मी जप नाही करत. मला एक नाव धड घेता येत नाही. मी तिचा श्वास ऐकत असते."

मी आईकडे बघतच राहिले. त्या बाईला इंग्रजीत कसंबसं सांगितलं. तिने मान हलवली आणि तेही कागदावर लिहून घेतलं.

तास मिळाले. कमी केलेले परत आले आणि किंडीचेही मिळाले. पहिल्या दिवशी लेक जँडल्स घालून, नर्सचं बोट धरून फाटकातून आत गेली. नर्सच्या खांद्यावर मशीनची पिशवी. लेकीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. थेट वाळूत जाऊन बसली. मी आणि आई जाळीशी उभ्या राहून रडलो, हसलो, पुन्हा रडलो. असा आनंद मला त्यानंतर क्वचितच झाला असेल.

परतताना मी आईला म्हणत होते, आता आपल्या दोघींना सकाळ मोकळी. समुद्रावर जाऊ, बसमधून उगाच फिरून येऊ, तू आल्यापासून काही म्हणजे काही पाहिलं नाहीस.

आई म्हणाली, "माझं तिकीट काढ आता."

"आत्ताच? व्हिसा आहे की अजून!"

"अगं, तुझे बाबा तिकडे खानावळीचा डबा खातायत. मी काय फिरायला राहिले होते? पोरीपाशी नर्सबाई आहे आता. माझं काय काम?"

मी चिडले. भर रस्त्यात भांडले तिच्याशी. ती हसत माझा हात धरून चालत राहिली. दोन आठवड्यांनी तिला विमानतळावर सोडून आले.

पावसात बसून मी त्या बाईला इतकं सगळं सांगितलं. पोरीला काय लागतं ते सगळं सांगितलं. मला माझी आई हवी होती, ते कुठल्या बाईला सांगायचं?