तपासणीची बाटली आणि आमचा नळ

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नळ आला आणि पाण्याला रंगाच्या डब्यासारखा वास आला. तिथून सगळं सुरू झालं. उल्हासनगरच्या आमच्या चाळीतले किस्से म्हणजे नळावरचे हंडे, एक सरकवला की मागे दहा! आता मी बदलापूरला राहते, घरात नळ आहे, पण नळावर भांडायला कोणी नाही.

माझी परी तेव्हा आठ महिन्यांची. तिला नुकतंच वरचं पाणी पाजायला लागले होते. भीतीने मी ते वीस-वीस मिनिटं उकळायचे. सगळ्यांनी तक्रार केल्यावर महापालिकेचे पाणी तपासणारे सर आले. म्हणाले, "ताई, उकळून जंतू मरतात. केमिकल जात नाही."

"मग इतके दिवस मी नुसता गॅसच जाळला?"

*

नळ यायच्या वेळेला सर कुठून पोचणार? म्हणून आदल्या दिवशीच बाटली देऊन गेले. "फक्त नळाखाली धरून भरा."

शेजारच्या नंदावहिनींनी ती साबणाने घासली, उन्हात पालथी घातली, मग भरली!

सरांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, रिपोर्टमध्ये तुमचा साबण येईल!"

"येऊ दे की! परक्या माणसाला न घासलेली बाटली द्यायची का?"

*

सर नवी बाटली घेऊन आले, तेव्हा वहिनींनी चहा केला. सरांनी कप उचलला आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

"नळाचंच!"

कप खाली. "मी चहा सोडलाय."

सगळ्या हसल्या. मी मात्र परीसाठी उकळलेलं पाणी ओतून दिलं.

*

या वेळी बाटली दुकानवाल्या लाजोआंटीकडे दिली. चाळीत तीच हुशार!

रिपोर्ट आला, पाणी एकदम चांगलं! मला रडूच आलं. किती दिवसांनी न घाबरता नळाखाली वाटी धरली आणि परीच्या ओठाला लावणार, तेवढ्यात आंटी हसत आली.

"बेटा, चाळीच्या इज्जतचा सवाल होता! मी दुकानातल्या विकतच्या पाण्याच्या जारमधलं भरलं. तुझ्या परीसाठी तपासायचं होतं ना, मग अच्छावालाच पाणी द्यायला पाहिजे!"

वाटी माझ्या हातातच राहिली.

तुमच्याकडे अशी बाटली आली, तर शेजारणींना सांगा, त्यांनी पुढे सांगावं: धुवू नका, नळाचंच भरा. चाळीची इज्जत गेली तरी चालेल!